जुन्या निळ्याची गोष्ट : खेळाडूंचे गणवेश, मानचिन्हे आणि स्मरणरंजन

‘स्मरणरंजन’ हा शब्द आपण साहित्यचर्चेत बहुधा किंचित तुच्छतेने वापरतो. एखाद्या आत्मकथनात आजोळ, अंगण आणि पितळी तांब्या-भांडे एका पानावर आले, की ‘स्मरणरंजनात्मक’ असा शेरा मारून आपण पुढच्या पुस्तकाकडे वळतो. हाच शब्द खेळाडूंच्या कपड्यांना लावून पाहावा असे आम्हांला वाटले. त्याचे पहिले निमित्त दूरचे आहे आणि दुसरे अगदी घरचे, म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले. दूरच्यापासून सुरुवात करू.

२७ नोव्हेंबर २०२० रोजी सिडनीच्या मैदानावर भारतीय क्रिकेट संघ उतरला तो एका ‘रेट्रो’ जर्सीत. नेहमीच्या आकाशी निळ्याऐवजी गडद, जवळजवळ शाईसारखा निळा. खांद्यांवर हिरवे, पांढरे, लाल, निळे पट्टे. ही १९९२ च्या विश्वचषकातील गणवेशाची आठवण होती, आणि ती तशी आहे हे सांगायला कोणाचीही गरज पडली नाही. नायकेचा करार त्याच वर्षी संपला होता. नव्या पुरवठादाराने पहिल्याच दौऱ्यासाठी हा जुना नमुना पुढे आणला. एकदिवसीय मालिका भारताने १-२ अशी गमावली, पण जर्सीचे कौतुक पराभवाने कमी झाले नाही.

पराभवाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. १९९२ च्या स्पर्धेत भारताची कामगिरी आठवण काढावी अशी नव्हतीच. आठ सामन्यांपैकी दोन जिंकले, पाच हरले, श्रीलंकेविरुद्धचा एक पावसाने वाहून नेला. नऊ संघांत आपला क्रमांक सातवा. सिडनीत पाकिस्तानविरुद्धचा विजय, त्या सामन्यातील अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरची नाबाद ५४ धावांची खेळी आणि यष्टिरक्षक किरण मोरे यांना चिडवत जावेद मियाँदादने मारलेल्या बेडूकउड्या, एवढेच बहुतेकांच्या मनात उरले आहे. मांजरेकर, कांबळी, आमरे हेही त्या संघात होते. मुंबईच्या मैदानांवर वाढलेली ही मंडळी त्या गणवेशात बहुतांश वेळ हरताना दिसली. मग जपले गेले ते काय?

उत्तर देण्याआधी त्या गणवेशाकडेच नीट पाहू. रंगीत कपड्यांत खेळला गेलेला तो पहिला विश्वचषक. पाठीवर खेळाडूचे नाव तेव्हाच प्रथम आले. पण खांद्यावरचे ते चार पट्टे भारताचे नव्हते. एकाच साच्यातून नऊही संघांचे सदरे निघाले होते. रंग तेवढा बदलला. ऑस्ट्रेलिया पिवळ्यात, न्यूझीलंड करड्यात, वेस्ट इंडीज काळपट तांबड्यात. आज आपण ज्याला ‘आपला’ म्हणतो त्या फिक्या निळ्याच्या जवळचा रंग त्या स्पर्धेत इंग्लंडच्या अंगावर होता! म्हणजे २०२० मध्ये आपण ज्या वस्त्राची आठवण म्हणून नवे वस्त्र शिवले, ते मुळात यजमानांनी सर्वांना वाटलेले होते. पाठचिकित्सा करणाऱ्याला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. कवीची म्हणून जपलेली ओवी दहा कवींच्या नावावर सापडावी, तसे हे झाले.

आणखी एक कबुली. १९९२ साली आम्ही दोघेही अकरा-बारा वर्षांचे होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका; स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. पहाटे अंधारात उठून शेजाऱ्यांच्या घरी सामना पाहायला जायचे, आणि त्या घरी संच होता कृष्णधवल. भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये आली खरी, पण ती आमच्या गल्लीत पोचायला आणखी बरीच वर्षे गेली. त्यामुळे त्या पहाटे आम्ही पाहिलेला भारतीय संघ गडद करड्या रंगाचा होता आणि पाकिस्तानचा फिक्या करड्या. निळा रंग आम्हांला नंतर कळला, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतून आणि केशकर्तनालयातल्या चित्रांतून. तरीही २०२० मध्ये ती जर्सी पाहताच ‘हाच तो निळा’ असे आम्ही एकमेकांना फोनवर म्हणालो. न पाहिलेल्या रंगाची ओळख पटावी, इतकी स्मृती आज्ञाधारक असते हे त्या दिवशी ध्यानात आले.

आता असा प्रश्न पडतो की मागे जायचेच होते तर १९८३ का नको? कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्‌सवर चषक उंचावला त्याहून मोठी आठवण कोणती? अडचण अशी की तो विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत झाला. १९८७ चा, आपल्याकडे भरलेला, तोही पांढऱ्यातच. पांढऱ्या सदऱ्याची प्रतिकृती विकणार कशी? तो तर कुठल्याही दुकानात मिळतो. रंगाचा इतिहास निराळ्या दिशेने आला आहे. ऑस्ट्रेलियातील उद्योजक केरी पॅकर यांनी प्रस्थापित मंडळांशी भांडून जी बंडखोर स्पर्धा चालवली, तिच्यात १७ जानेवारी १९७९ रोजी सिडनीला प्रथम रंगीत कपडे दिसले. यजमान पिवळ्या रंगात आणि वेस्ट इंडीजचे धिप्पाड गोलंदाज चक्क गुलाबी रंगात! दिव्यांच्या प्रकाशातला सामना, पांढरा चेंडू आणि घराघरांत नव्याने आलेला रंगीत पडदा ही त्यामागची कारणे. पुढे मंडळांनी पॅकरशी समेट केला आणि रंगही स्वीकारले. १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात गावसकरांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने प्रथम फिका निळा आणि सोनेरी पिवळा अंगावर घातला. त्याच रंगांत, गावसकरांच्याच नेतृत्वाखाली, १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नला पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. रवी शास्त्रींना मिळालेली ऑडी मोटार आणि तिच्यावर बसलेला सगळा संघ हे छायाचित्र पुष्कळांना आठवत असेल.

तात्पर्य, विजयाचा रंगीत गणवेशही उपलब्ध होता. निवडला गेला तो पराभवाचा. आमच्या मते याचे कारण भावनेइतकेच हिशेबाचे आहे. १९९२ साली शाळेत असलेली पिढी २०२० मध्ये चाळिशीत होती. तिच्या हातात पैसा होता आणि मनात पहिल्या पहाटेची हुरहुर. जुन्या पोथीची कोणती प्रत ‘मूळ’ मानायची हे संपादक ठरवतो तसे येथे बाजाराने ठरवले, आणि त्याने ग्राहकाच्या बालपणाची प्रत उचलली. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही ती जर्सी विकत घेतलीच.

गंमत म्हणजे त्या सदऱ्यावरची खरोखर जुनी गोष्ट कोणीच ‘रेट्रो’ म्हणून पाहिली नाही. छातीवरचे मंडळाचे मानचिन्ह, किरणांनी वेढलेला तो तारा, ब्रिटिश राजवटीने १८६१ मध्ये स्थापलेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या सन्मानाच्या पदकाशी ठळक साम्य राखून आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ चे. संस्थानिकांच्या छातीवर शोभणारा तारा त्यांच्याच आश्रयाने वाढलेल्या खेळात शिरला आणि राज्ये गेली तरी राहिला. जी जुनी गोष्ट कधी सोडलीच नाही, तिचे स्मरण कशाला करायचे?

या सर्व प्रकाराचे माहेरघर अमेरिकन बेसबॉल. ११ जुलै १९९० रोजी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने एका सामन्यापुरता १९१७ चा, म्हणजे आपल्या जगज्जेतेपदाच्या वर्षाचा गणवेश घातला. त्यांचे जुने मैदान त्या मोसमानंतर सोडायचे होते. निरोपाला निमित्त हवे होते. प्रेक्षकांना ते इतके आवडले की पुढे घड्याळाचे काटे मागे फिरवण्याचा हा खेळ सगळ्या संघांनी उचलला, आणि हळूहळू एक दिवसाचा पोशाख कायमचा होऊ लागला. सॅन दिएगोच्या संघाने २०२० मध्ये आपला जुना तपकिरी रंग परत आणला. त्याच वर्षी मिलवॉकीच्या संघाने १९७८ चे मानचिन्ह थोडे घासूनपुसून पुन्हा छातीवर लावले. ते चिन्ह एका कला-विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी काढलेले. प्रथमदर्शनी तो चेंडू धरलेला चामडी हातमोजा दिसतो. जरा थांबून पाहिले की मोज्याची बोटे म्हणजे ‘एम’ हे रोमन अक्षर आणि अंगठा-तळवा म्हणजे ‘बी’ हे कळते. श्लेष इतका सहज साधला आहे की अलंकाराचे उदाहरण म्हणून वर्गात दाखवावा.

परंतु जुन्या कपाटात फक्त हातमोजे नसतात. अटलांटाच्या ‘ब्रेव्ह्‌ज’ संघाची २०१३ च्या मोसमासाठीची सरावाची टोपी आदल्या वर्षाच्या अखेरीस बाहेर फुटली, तेव्हा तिच्यावर जुन्या दिवसांतले एक चिन्ह होते : डोक्याला पीस लावून ओरडणारा अमेरिकन मूलनिवासी. टीका होताच ती टोपी मैदानावर आलीच नाही. क्लीव्हलँडचे प्रकरण तर अधिक लांबलेले. १९१५ पासून त्या संघाचे नाव ‘इंडियन्स’. १९४७ मध्ये सतरा वर्षांच्या एका चित्रकाराने त्यासाठी दात विचकून हसणारा, पीस खोवलेला चेहरा काढला. चार वर्षांनी तो तांबडा झाला. मूलनिवासी संघटना अनेक दशके त्याचा निषेध करत होत्या. चाहत्यांचे म्हणणे असे की हे आमचे बालपण आहे, आमच्या वडिलांनी बोट धरून दाखवलेला हा चेहरा आहे. दोन्ही बाजूंना स्मृती होत्या. अखेर २०१८ च्या मोसमानंतर तो चेहरा गणवेशावरून गेला आणि २०२१ नंतर नावही गेले. संघ ‘गार्डियन्स’ झाला. आपल्याकडे मात्र २००८ पासून ‘मुंबई इंडियन्स’ त्याच शब्दाने सुखाने नांदत आहेत, कारण हा शब्द आपण स्वतःविषयी उच्चारतो. कोलंबसाच्या एका भौगोलिक चुकीचे हे दोन वंशज.

येथे पुन्हा २०२० च्या त्या दौऱ्याकडे वळणे भाग आहे. एकदिवसीय सामन्यांनंतर, डिसेंबरातील तीन टी-ट्वेंटी सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या अंगावर वेगळाच सदरा होता. त्याची नक्षी फिओना क्लार्क आणि कोर्टनी हेगन या दोन मूलनिवासी स्त्रियांनी रेखाटलेली. मागच्या, आजच्या आणि उद्याच्या मूलनिवासी क्रिकेटपटूंना ती अर्पण केली होती. फिओना क्लार्क या ग्रोंगारोंग नावाच्या खेळाडूच्या खापरपणतीपैकी. हा ग्रोंगारोंग १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघात होता. परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा तो पहिला संघ, आणि एका गोऱ्या कर्णधाराखाली त्यातले सर्व खेळाडू मूलनिवासी. सत्तेचाळीस सामने, चौदा जिंकले, चौदा हरले, उरलेले अनिर्णित. गोऱ्या मालकांनी त्यांना सोयीची टोपणनावे दिली होती. ग्रोंगारोंगचे नाव होते ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. प्रेक्षकांना एकेक खेळाडू ओळखता यावा म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाची खूण दिलेली असे. सामना संपला की त्यांनी बूमरँग आणि भाले फेकून दाखवायचे, कारण तिकीट त्याचेही असे. त्यांच्यातला एक, ज्याला ‘किंग कोल’ म्हणत, त्याच जूनमध्ये लंडनमध्ये मरण पावला. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया वसाहतीने कायदा करून मूलनिवासींच्या वास्तव्यावर आणि हालचालींवर नियंत्रण आणले. असा दौरा पुन्हा निघणे अवघड झाले.

म्हणजे एकाच मैदानावर, एकाच पंधरवड्यात, भूतकाळ दोन प्रकारे अंगावर आला. एका संघाने अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा वाटून आलेला साचा आपला म्हणून घातला. दुसऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना आपले मानले नव्हते त्यांच्या वंशजांकडून नक्षी मागितली. दुसरा प्रकारही एका कंपनीने शिवला आणि विकला, त्यामुळे त्याला तीर्थाचे पाणी समजण्याचे कारण नाही. पण चित्र कोणी काढले, या प्रश्नाला तेथे उत्तर होते.

हाच प्रश्न आमच्या दाराशी आला तो काही वर्षांपूर्वी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के. आमच्या वर्गांतही भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुलांची संख्या मोठी. हिवाळ्यात गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा लागतात, आणि पूर्वी बनियनवर खेळणारे संघ आता छापील जर्सीशिवाय मैदानात उतरत नाहीत. अक्कलकुवा-धडगाव भागातल्या मुलांचा वसतिगृहातला एक संघ जर्सी शिवणार होता. त्यांनी मानचिन्ह म्हणून भ्रमणध्वनीवरचे एक चित्र आम्हांला दाखवले : एका बाजूने काढलेला करारी चेहरा, डोक्यावर पाठीपर्यंत उतरणारा पिसांचा मुकुट. अमेरिकेतल्या कुठल्याही संघाच्या टोपीवर शोभावे असे.

“हे कुठून घेतलंस?” आम्ही विचारले.

“आदिवासी दिनाच्या बॅनरवर होतं, सर. आदिवासीच आहे ना तो?”

खरे होते. ९ ऑगस्टच्या जागतिक दिनाच्या फलकांवर आमच्याकडे असे चेहरे सर्रास दिसतात. तिकडच्या मूलनिवासींनी लढून जे चित्र काढून टाकायला लावले, त्याच्याच जातकुळीचे चित्र येथला आदिवासी मुलगा अभिमानाने छातीवर घेऊ पाहत होता. त्याला त्यात टिंगल दिसत नव्हती, नाते दिसत होते. आम्ही दोघांनी पुढचा अर्धा तास त्याला क्लीव्हलँडची कथा सांगितली आणि मग, अध्यापकी उत्साहाने, एक पर्याय सुचवला. सातपुड्यातल्या होळीत, काठीच्या राजवाडी होळीत विशेषतः, बुध्या नाचतो. अंगावर राखेची पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर बांबूचा आणि मोरपिसांचा उंच टोप. यापेक्षा अस्सल मानचिन्ह कोणते? पिसे हवीत तर ही घ्या, आपलीच आहेत.

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग त्यांच्यातला एक, जो स्वतः दोन वर्षे बुध्या झाला होता, हळूच म्हणाला, “सर, तो टोप घालायचा तर आधी पालनी पाळावी लागते. खाटेवर झोपायचं नाही, किती तरी गोष्टी सोडायच्या. जर्सी काय, कोणी पण घालेल. मॅच हरली तर कोपऱ्यात फेकतील.”

आम्ही गप्प बसलो. याच जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. दुसऱ्याच्या वतीने मंचावरून बोलणाऱ्यांविषयीची ती कविता वर्गाबाहेर आल्यावर आपल्यालाही लागू होते, हे त्या दुपारी टेबलाच्या अलीकडे बसून कळले. क्लीव्हलँडच्या चित्रकाराकडे व्यंग होते आणि आमच्याकडे गौरव, एवढा फरक जरूर आहे. मात्र व्रताची वस्तू मुलांना विचारण्याआधी छापायला काढण्याची घाई दोन्हीकडे होती. ‘देशी’ या शब्दावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. देशी वस्तू कोणत्या कपड्यावर छापू नये याची चर्चा आम्ही तरी त्यांत वाचलेली नाही.

अखेर त्या जर्सीवर चिन्ह आलेच नाही. छपाई सुरतेला होणार होती. ताप्ती मार्गावरच्या गाडीने आमची मुले सुरतेला जाऊन-येऊन असतातच. पांढऱ्या पॉलिस्टरवर कागदावरची शाई उष्णतेने चढवण्याची ती पद्धत. कुठलाही रंग, कुठलेही चित्र, एका दिवसात. मुलांनी रंग निवडला गडद निळा. तो १९९२ चा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यातला कोणीही तेव्हा जन्मलेला नव्हता. पाठीवर आडनाव घालायचे ठरले, पण अकरांपैकी पाच वसावे आणि तीन पाडवी निघाले. तेव्हा एकाने सुचवले की आडनावाऐवजी ज्याच्या-त्याच्या पाड्याचे नाव घालू. ते सर्वांना पटले.

यादी आम्ही मराठीत लिहून दिली. छपाईवाल्याने तीनदा फोन केला. एका पाड्याच्या नावातला पावरी उच्चार आम्ही दिलेल्या अक्षरांत बसत नव्हता, मुलगा म्हणे तो तसा नाही, आणि सरकारी कागदावर तिसरेच लिहिलेले. शेवटी त्या मुलाने फोन घेतला आणि छपाईवाल्याला ते नाव सावकाश, चार-पाच वेळा म्हणून दाखवले.